तांबीचा पहिला चीक

माझ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला आमच्या गाई आजारी वाटतात. रक्ताची नळी आत सरकवली की दीड मिनिटात कागद बाहेर येतो आणि त्यावर बाणच बाण. तांबड्या पेशी जास्त, बाण वर. पेशींचा आकार लहान, बाण खाली. यंत्र बनवणाऱ्यांनी निरोगी म्हणून जी गाय धरली आहे ती सातशे किलोची, काळी-पांढरी, थंड मुलखातली. आमची कोकणातली ठेंगणी गाय जेमतेम सव्वादोनशे किलोची, उन्हातान्हात डोंगर चढणारी, मिळेल ते गवत खाणारी. तिला त्या मापाने मोजणं म्हणजे माझ्या आईला परदेशी पहिलवानाच्या मापाचं झंपर घालण्यासारखं आहे. त्या बाणांचा मला मनापासून राग येतो.

या रागातूनच माझं काम सुरू झालं. कागदोपत्री या गाईला कोकण कपिला म्हणतात, गावात नुसतं गावठी म्हणतात. तिच्या रक्तात काय किती असलं म्हणजे ती ठणठणीत समजायची, हे मला कुठे धड लिहिलेलं सापडलं नाही. म्हटलं, आपणच लिहू. तीन वर्षं मी ठाण्यातल्या खोपटच्या घरातून स्कूटरवर बर्फाचा डबा बांधून निघत होते आणि ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीच्या पलीकडेपर्यंत, टॉवरच्या मागे, पार्किंगच्या कडेला, जिथे म्हणून एखादी ठेंगणी गाय उरली असेल तिथे जाऊन तिच्या मानेच्या शिरेतून दोन चमचे रक्त काढून आणत होते. माझे वडील गुणाजी तांबे एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं असं की मुलगी डॉक्टर झाली ती गुरांची झाली, आणि आता गुरं बरी करायची सोडून धडधाकट गुरांना टोचत हिंडते. त्यांना समजावणं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

आवडाबाई मला अशाच हिंडण्यात भेटल्या. कल्याण-शीळ रस्त्यापासून आत त्यांचं आगरी गाव होतं, तिथे आता इमारती आहेत. त्यातली सात मजल्यांची ‘भिवा स्मृती’ त्यांच्या सासऱ्यांच्या नावाची. जमीन यांची, म्हणून इमारतीतले चार फ्लॅटही यांचे. पण आवडाबाई राहायच्या मागच्या बाजूला राखून ठेवलेल्या बैठ्या घरात. वय सत्तरीच्या पुढे, नाकात नथ नाही पण आवाजात ठसका भरपूर. सहा वर्षांत त्या इमारतीची एक पायरी चढल्या नव्हत्या. वरच्या लोकांकडे आपलं काय काम? असलंच तर ते खाली येतील. घराला लागून गोठा, आणि गोठ्यात तांबी.

तांबी चौदा वर्षांची. आवडाबाईंच्या सासूने माहेराहून आणलेल्या गाईच्या वंशातली, आणि त्या वंशातली आता ती एकटीच. मागच्या दोन वेतांत तिला दोन कालवडी झाल्या आणि दोन्ही दोन-अडीच महिन्यांत गेल्या, एक हगवणीने, एक छाती भरून. आता पुन्हा गाभण होती, आणि या वयात हे शेवटचंच वेत असणार हे सगळ्यांना कळत होतं. कालवड झाली आणि जगली तर वंश पुढे जाईल, नाही तर तांबीबरोबर संपेल. इतकी साधी गोष्ट होती.

आवडाबाईंचा मुलगा मयूर याला मी बजावून ठेवलं होतं की व्यायली की लगेच फोन कर. डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी आठला त्याचा फोन आला. कालवड झाली होती, सात वाजता, आणि त्याच्या शब्दांत ‘एकदम टकाटक’. मी दहाला उघडणाऱ्या प्रयोगशाळेतून सामान उचललं, शीळफाट्याच्या खणलेल्या रस्त्यात दोन तास उभी राहून सगळ्या कंत्राटदारांचा उद्धार केला, आणि पोचले तेव्हा एक वाजून गेला होता.

कालवड पेंढ्यावर बसली होती. आईसारखाच तांबूस रंग, कपाळावर काही नाही, कान मात्र अंगाच्या मानाने मोठे. मी तिला उचलून वजनकाट्यावर धरलं, तेरा किलो भरली. मानेतून थोडंसं रक्त घेतलं. पार्किंगच्या खांबावरच्या प्लगला माझं रक्त फिरवायचं छोटं यंत्र लावलं, आणि पेशी तळाशी बसल्यावर वरच्या पिवळसर पाण्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला. नाव अवघड असलं तरी वस्तू टॉर्चएवढीच. एका टोकाला थेंब, दुसऱ्या टोकाला आपला डोळा, आणि आत आकड्यांच्या पट्टीवर एक निळी रेघ दिसते. रक्तात प्रोटीन किती, ते ती रेघ सांगते. रेघ चार पूर्णांक एकवर होती.

पुस्तकाप्रमाणे हे कमी. नीट पाजलेल्या वासराचा आकडा काही तासांतच चढायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या वर जातो. पण मी घाबरले नाही. उलट, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं. माझ्या वहीत वासरांचं एक वेगळं पान होतं. त्यावर या जातीच्या अकरा नवजात वासरांचे आकडे होते, आणि अकराच्या अकरा कमी. त्या पानाखाली मी सहा महिन्यांपूर्वी लिहिलं होतं, ‘जातीचं वैशिष्ट्य?’ आणि दिवाळीत माझ्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटल्यावर पुढचं प्रश्नचिन्ह खोडून टाकलं होतं. यंत्राचे बाण चुकीचे ठरवणारी मी, माझा स्वतःचा शोध लागला होता मला. बारावा आकडा मी समाधानाने लिहिला.

तेवढ्यात आवडाबाईंची सून करिश्मा बशी घेऊन आली. करिश्मा ठाण्यातल्या टेंभी नाक्याची, म्हणजे जवळपास माझ्या गावचीच, म्हणून माझ्यावर तिचा विशेष लोभ. बशीत खरवस होता. गूळ-वेलचीचा, सुरी लावली तर थरथरणारा. सकाळपासून मी फक्त चहावर होते. पहिला तुकडा मी बोलता बोलता संपवला आणि दुसरा उचलताना सहज विचारलं की तांबीने चीक किती दिला.

करिश्मा म्हणाली की चांगला अडीच लिटर निघाला, आईंनी सगळा स्वतः काढला. एक चमचा गावदेवीला, चार पेले भावकीत, आणि सहा पेले वर फ्लॅटवाल्यांना. यंदा वरून फार मागणी होती. कोजागरीला मीच नव्हतं का इमारतीच्या गच्चीवर भाषण केलं, गावठी गाईच्या चिकात रोगाशी लढायची ताकद असते म्हणून? तेव्हापासून लोकांनी नावं देऊन ठेवली होती. कुणाकडे उणं पडायला नको म्हणून आईंनी कास अगदी कोरडी केली. हा खरवससुद्धा भावकीतून परत आलेला.

मी विचारलं, “आणि वासराला काय पाजलं?”

“पाजलं ना. पिशवीचं दूध, कोमट करून, बाटलीने. आई म्हणतात पहिला चीक वासराला जड पडतो, हगवण लागते. आणि वासरामागून वार पडेपर्यंत तसंही तोंड लावू देत नाहीत.”

चमचा माझ्या हातातच राहिला. कारण मला एकामागून एक गोठे दिसायला लागले. टिटवाळ्याकडचा, अंबरनाथच्या मागचा, भिवंडीच्या वाटेवरचा. अकरा घरं. त्या अकराही घरी मी विचारलं होतं, वासराला पाजलं ना? अकराही घरी हो म्हणाले होते. काय पाजलं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि त्या अकराही घरी मी बशीत दिलेला खरवस आवडीने खाल्ला होता.

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायला काहीच नसतं. गाईच्या पोटात असताना ते त्याला मिळत नाही, मिळतं ते पहिल्या चिकातून. आतड्याची दारं काही तास उघडी असतात, त्यातून ते सरळ रक्तात उतरतं. बारा तासांनी दारं जवळजवळ मिटतात, दिवस उलटला की संपलं. मग कितीही पाजा, पोट भरेल, रक्त रिकामंच. हे मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर मार्क मिळवले होते. आणि तरी अकरा रिकाम्या रक्तांकडे बघून मी लिहिलं होतं, जातीचं वैशिष्ट्य. त्या अकरातली पाच वासरं आज नव्हती. मी त्यांच्यापुढे ‘हगवण’ आणि ‘न्यूमोनिया’ असं नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की मी बशी खाली जमिनीवर ठेवली आणि वहीचं ते पान फाडलं. 

घड्याळात पावणेदोन. कालवड पावणेसात तासांची. हातात पाचेक तास होते.

तांबीची कास मी दाबून पाहिली. एवढीशी गाय, सकाळी कोरडी केलेली, पावशेरसुद्धा नव्हतं, आणि दुसऱ्या धारेत ताकदही निम्मीच. दोन तबेलेवाल्यांना फोन केले, कुणाकडे या आठवड्यात म्हैस-गाय व्यायलेली नव्हती. म्हणजे एकच वाट उरत होती. जो चीक सकाळी या घरातून गेला, त्यातला जो अजून विस्तवावर चढला नसेल, तो परत आणायचा. लिटरभर तरी हवा होता. पेला पाव लिटरचा. दहातले चार पेले.

मी हे आवडाबाईंना सांगितलं. त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून तांबीला बाजरीची घुगरी चारत होत्या. रक्त, आतडी, दारं, सगळं मी माझ्या परीने सोपं करून सांगितलं, आणि माझी चूकही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण परत मागायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा कठोर झाला.

“दिलेला परत मांगाचा? बाय, आमच्या घरान आजपावत कोनी मांगला नाय. जमीन गेली, मिठागरा गेली, पन आमचा हात वरच ऱ्हायला. मना नाय जमाचा.”

मला राग आला, पण त्यांच्यावर धरता येईना. एकेकाळी या घरातून गावाला भात जायचा, मीठ जायचं. आता द्यायला उरला होता वर्षा-दोन वर्षांतून एकदा एवढा चीकच. तेवढ्यापुरत्या त्या अजून या जागेच्या मालकीण होत्या. मी म्हटलं ठीक आहे, मी जाते.

भावकीची चार घरं आधी केली, कारण ती जवळ. चारही ठिकाणी खरवस होऊन, कापून, निम्मा पोटात गेलेला. ज्यांना चिकाची किंमत ठाऊक होती त्यांनी तो दुपारपर्यंत ठेवलाच नव्हता. मग मी इमारतीत शिरले. पहिल्या मजल्यावर खरवस झालेला. दुसऱ्या मजल्यावर कच्चा होता, मी मनात नाचले, पण बाईंनी त्यात आधीच गूळ, केशर आणि अर्धा लिटर दूध घालून ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर शौनक नावाचा एकटा राहणारा मुलगा, त्याने लॅपटॉप हातात घेऊनच दार उघडलं. पेला फ्रिजमध्ये जसाच्या तसा होता, आई शनिवारी येणार म्हणून राखलेला. पण तो कचरला. आवडाआजींनी दिलेली वस्तू तुम्ही कोण मागणाऱ्या? त्याचं चुकीचं नव्हतं. मी बर्फाचा डबा घेऊन दारात उभी असलेली एक परकी बाई होते. तो म्हणाला आजींना विचारून सांगतो. सहाव्या मजल्यावरच्या नर्सबाईंनीही तेच म्हटलं. पाचव्या मजल्यावर विमलाबाई नावाच्या बाईंनी तर दार पुरतं उघडलंच नाही.

मी खाली आले तेव्हा साडेतीन झाले होते. कालवड आता मान पेंढ्यावर टाकून झोपली होती.  मी कालवडीजवळ बसले आणि रडू आलं ते आलंच. तिच्यासाठी आलं, आणि त्या पाचांसाठीही.

आवडाबाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी घुगरीचं घमेलं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, आणि अनवाणीच इमारतीकडे चालायला लागल्या. मयूर मागून ओरडला की आई, चप्पल तरी घाल. त्यांनी लक्ष दिलं नाही.

लिफ्टमध्ये त्यांनी एका हाताने माझं मनगट धरलं होतं, घट्ट. शौनकने दार उघडलं, आजींना बघून आत या म्हणाला, खुर्ची पुढे केली. आवडाबाई बसल्या. आईची तब्येत विचारली. भाडं वेळेवर जातं का विचारलं. पंखा का नाही लावत विचारलं. जे विचारायला आल्या होत्या ते काही तोंडातून बाहेर येईना. मी घड्याळ बघत होते. शेवटी शौनकनेच विचारलं की आजी, त्या चिकाचं काय करू? आवडाबाईंनी नुसती मान हलवली. त्याने पेला आणून दिला. पाव लिटर. सहाव्या मजल्यावरच्या नर्सबाईंनीही, आवडाबाई स्वतः दारात आहेत म्हटल्यावर, बर्फाच्या कप्प्यातला डबा काहीही न विचारता काढून दिला. अर्धा लिटर झाला. मागणं अजून आवडाबाईंच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि मला वाटलं की निघावं लागणारही नाही.

राहिला पाचवा मजला. विमलाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे दोन पेले होते, स्वतःचा आणि पुण्याला गेलेल्या शेजाऱ्यांचा. दोन्ही कच्चे. त्यांचा चार वर्षांचा नातू दर पंधरा दिवसांनी तापाने पडायचा, आणि त्याला तो चीक रोज दोन-दोन चमचे द्यायचा असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “तुम्हीच तर त्या दिवशी सांगितलंत की यात रोगप्रतिकारक शक्ती असते. आता वासरापेक्षा माझा नातू कमी महत्त्वाचा का?”

मला उत्तर द्यायलाच हवं होतं. मी सांगितलं की मी त्या दिवशी अर्धंच सांगितलं. गाईच्या चिकातली ती ताकद गाईच्या वासराच्या रक्तात उतरते, तीही पहिल्या काही तासांत. माणसाच्या मुलाच्या पोटात तो इतर दुधासारखा पचून जातो. कच्चा दिला तर उलट पोट बिघडायची भीती. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं, टाळ्या पडत होत्या म्हणून राहून गेलं. विमलाबाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांचा माझ्यावर विश्वास बसत नाही. कोजागरीला एक बोलणारी आणि आज दुसरं बोलणारी बाई, का बसावा?

तेव्हा आवडाबाई पुढे झाल्या. त्यांचा एक हात दाराच्या चौकटीवर होता.

“बाई, तो माझा द्याचा नव्हताच. वासराचा होता. मी त्याच्या तोंडातला काढून तुमाला दिला, मोठेपना केला. चूक माझी झाली. माझ्या दोन कालवडी गेल्या, ही तिसरी. आसल तर परत द्या. मी मांगतंय.”

 विमलाबाई आत गेल्या आणि दोन्ही पेले ताटलीत ठेवून, वर झाकणी घालून घेऊन आल्या. पाहुण्यांना चहा द्यावा तसे त्यांनी ते आवडाबाईंच्या हातात दिले, आणि पायात चपला सरकवून आमच्याबरोबर खाली आल्या.

खाली करिश्माने लगबगीने नर्सबाईंचा गोठलेला डबा गॅसवर ठेवला, तो मी तिच्या हातातून अक्षरशः हिसकावला. चीक उकळला की संपला, त्यातली ताकद गेली आणि खरवस तेवढा उरला. कोमट पाण्याच्या पातेल्यात डबा धरून बसायचं, घाई करायची नाही. मी काचेवर एकेका पेल्याचा थेंब टाकून पाहिला, कुठे पाणी-दूध मिसळलेलं नाही ना. चारही पेले अस्सल होते. म्हाताऱ्या तांबीचा चीक इतका दाट की रेघ पट्टीच्या पार वर गेली. सव्वाचारला मी कालवडीच्या तोंडात बाटलीचं रबरी बोंड दिलं.

ती ओढेना. पिशवीच्या दुधाने पोट फुगलेलं, अंगात जोर नाही. मी नळीने पाजायची तयारी केली, पण आवडाबाईंनी मला थांबवलं. त्यांनी दोन बोटं चिकात बुडवून तिच्या टाळूला लावली, घशाखाली हळूहळू चोळलं, आणि काहीतरी पुटपुटत राहिल्या, ते मला कळलं नाही. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग कालवडीने बोटं ओढली. बाटली पुढे केली तशी बाटली ओढली. शेपटी हलली. पहिला पेला अर्ध्या तासात गेला, दुसरा त्यानंतर, आणि साडेसहापर्यंत चारही. शेवटचे थेंब मयूरने बोटाने पुसून तिला चाटवले.  निघताना मी बजावलं की आता तांबीला जे उतरेल ते सगळं हिचं, एक थेंब कुणाला नाही.

शुक्रवार मी कसा काढला ते विचारू नका. रक्त घ्यायला दोन दिवस जाऊ द्यायला हवे होते, नाही तर आकडा भरवशाचा नाही. दरम्यान मी त्या अकरा घरांपैकी ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन केले. गेलेली वासरं किती दिवसांची होती, पहिले बारा तास काय पाजलं होतं. उत्तरं सगळीकडे तीच. प्रत्येक ठिकाणी मी माफी मागितली, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांना कळेना की ही बाई माफी कसली मागते आहे. सरांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, छापायच्या आधी कळलं हे नशीब, आता पहिल्यापासून मोज.

शनिवारी सकाळी मी गोठ्यात शिरले तेव्हा कालवड उभी होती. नुसती उभी नाही, मला बघून तांबीच्या पलीकडे पळाली, आणि तिला धरायला मयूरला गोठाभर धावावं लागलं. सुई टोचताना तिने मला लाथ मारली, नडगीवर, चांगली लागली. मला इतका आनंद झाला.

रक्त फिरवलं, थेंब टाकला, डोळा लावला. निळी रेघ सहाच्या जराशी वर होती. मी डोळा काढला, काच पुसली, नवा थेंब टाकून पुन्हा पाहिलं. रेघ तिथेच. या जातीच्या वासराच्या रक्तात काय असतं, ते तीन वर्षांत पहिल्यांदा मला दिसत होतं. त्यात कमी काहीच नव्हतं.

आवडाबाईंनी ते यंत्र मागून घेतलं. पलीकडच्या टोकाने बघत होत्या, मी उलटं करून दिलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. रेघ कुठवर आली आणि गुरुवारी कुठे होती, ते मी त्यांना दाखवून दिलं. त्यांनी यंत्र परत केलं आणि कालवडीकडे न बघता मला विचारलं, “मंग आदीच्या दोगी?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, दोन दिवस मी त्याचीच भीती घेऊन होते. तेव्हा रक्त तपासलं नव्हतं, आता काय सांगणार, असं म्हणता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण त्या अनवाणी पाचव्या मजल्यावर जाऊन आल्या होत्या. मी म्हटलं, “खात्रीने नाही सांगता येत. पण बहुतेक हो, मावशी. त्याही चिकावाचूनच गेल्या.”

आवडाबाई उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत. तांबीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कालवड आईच्या पोटाखाली शिरून ढुशा देत होती.

मग त्यांनी मयूरला भिवंडीकडच्या त्यांच्या माहेरी फोन लावायला सांगितला. तिथे त्यांच्या भावजयीकडे, हौसाबाईंकडे, अशीच एक ठेंगणी गाय होती आणि ती पुढच्या महिन्यात व्यायची होती. मला वाटलं फोन मला देतील, आकडे सांगायला. त्यांनी दिला नाही. मयूरने स्पीकर लावला आणि त्या फोनला तोंड अगदी जवळ नेऊन बोलल्या.

“हौसा, आयक. माझी दोन वासरा मेली ती रोगान नाय मेली, माझ्या हातान मेली. पयला चीक मी गावाला वाटला. तू तसा करू नको. गाय व्यायली का वार पराची वाट नको बघू, पयला वासराला पाज. पोट भरून पाज.”

 पलीकडून हौसाबाईंनी जे विचारलं ते त्यांच्या दृष्टीने अगदी रास्त होतं. दारात गाय व्यायली, आणि घरातून गावाला काहीच गेलं नाही, असं कसं दिसेल? “मंग गावाला काय वाटू?”

आवडाबाईंनी कालवडीकडे पाहिलं. तिच्या तोंडाला फेस लागला होता.

“पेढे वाट,” त्या म्हणाल्या.